रेघ सरळच होती

रविवार, २ मार्च २०२५

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, मागच्या व्हरांड्यात, बाहेरच्या माणसासमोर, माझ्या नवऱ्याने, मधुकररावांनी, माझी रेघ वाकडी म्हटली.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. "मी असं म्हणलोच नाही" हे ऐकायची मला लग्नापासून सवय आहे.

बाहेरचा माणूस म्हणजे धम्मानंद, आमच्या विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी. विहाराच्या अभ्यासिकेला खिडक्यांसाठी लाकडी जाळ्या हव्या आहेत, बुद्ध पौर्णिमेच्या आत. मधुकररावांनी छाती पुढे काढून सांगून टाकलं, "आमची मशीन करून देते." आमची मशीन म्हणजे टेबलाएवढी लोखंडी चौकट. तिच्यावर एक मोटर डावी-उजवी, पुढे-मागे, वर-खाली सरकते आणि मोटरीच्या टोकाचं पातं लाकूड कापतं. हे सीएनसीचं खूळ दोघांनी रिटायर झाल्यावर घेतलं. लोखंडाचं काम त्यांचं, ते आयटीआयमध्ये मशिनिस्ट ट्रेडचे इन्स्ट्रक्टर होते. मोटरीने कुठे सरकायचं हे सांगणारं डोकं माझं. म्हणजे एक जुना कॉम्प्युटर आणि त्यावरचं फुकटचं सॉफ्टवेअर, जे मी एकटीने, चुकत-माकत, कुणाच्याही मदतीशिवाय बसवलं.

आज नमुन्याची पहिली जाळी कापली. सगळे चौकोन. धम्मानंद "वा, वा" करत होते. मधुकररावांनी फळी डोळ्यांजवळ आणली, लांब नेली, मान तिरपी केली.

"मधात बसली हाय. ह्या रेघा पाय, सापावानी गेल्या. तुह्या कॉम्प्युटरचं काम हाय हे."

मी पाटबंधारे खात्यातून हेड ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. माझ्या रेघांवरून कालवे खोदले गेले आणि त्यांतून आजही पाणी वाहतं. मिशनच्या शाळेत सिस्टर आमच्या रेघा उजेडासमोर धरून तपासत आणि वाकडी निघाली की पट्टी बोटांवर बसे. माझ्या बोटांवर ती कधी बसली नाही. मी स्टीलची पट्टी आणली, जाळीवर उभी धरली. पट्टीखालून उजेडाचा धागासुद्धा दिसेना.

"पट्टीले काय समजते? मले डोयाले दिसून राहिलं न!"

धम्मानंद म्हणाले, "दोघांचंही बरोबर असेल," आणि चहा प्यायले. असली माणसंच कमिट्यांवर निवडून येतात.

सोमवार, ३ मार्च

नेहमीप्रमाणे त्यांना लेखी दिलं. रेघ कुठून कुठे वाकडी आहे ते माप घेऊन दाखवावं, नाहीतर शब्द मागे घ्यावेत, तेही धम्मानंदांसमोर. चिठ्ठी चहाच्या बशीखाली ठेवली.

त्यांनी ती उलटी-सुलटी केली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"आत्ता वाचा."

"चष्मा इकडंतिकडं झाला वं."

चष्मा नाकावर होता. मी तसं दाखवून दिलं.

"हा जवळचा नोहे."

जवळचा आणि लांबचा त्यांचा एकच आहे. मीच जाऊन करून आणला होता.

रविवार, ९ मार्च

पार्सल आलं. मला न विचारता या गृहस्थांनी दुसरं डोकं मागवलं आहे! दुकानदाराशी फोनवर बोलून. मेसेज पाठवून किंमत-बिंमत विचारायची असते, पण तेवढेही कष्ट नकोत.

हा एक डबा आहे. हातात धरायचा, तळव्याएवढा, त्याला जाड रबरी बटणं, थांबवायला एक मोठं लाल बटण आणि मधोमध एक चक्री. चक्री फिरवली की टक्, टक् वाजते आणि दर टक्‌ला मशीन केसभर सरकते. जाळीचा नकाशा पेन ड्राइव्हवर द्यायचा, डबा लावायचा आणि बटण दाबायचं.

"स्क्रीनकडं पाहाचंच काम नाही," म्हणाले. इतकं खूश मी त्यांना दिवाळीनंतर पाहिलं नव्हतं.

"मग पातं चुकीच्या जागी आहे हे कळणार कसं?"

"हाताले समजते."

हाताला समजतं! मी हसले. ते नाही हसले. डबा घेऊन व्हरांड्यात बसले आणि संध्याकाळभर टक्, टक्, टक्. मशीन बंद, तरी चक्री फिरवत होते. दातात अडकल्यासारखा तो आवाज माझ्या डोक्यात अडकला आहे.

मंगळवार, १८ मार्च

मिनलचा बंगळुरूहून फोन. आमच्या मुलीचं म्हणणं तिसरंच. एक छोटा बोर्ड मिळतो, तो बसवा आणि मशीन मोबाइलवरून चालवा. "आई, बाबांना काहीतरी सोपं दे ना." सोपं! तिच्या बापाने अख्ख्या विदर्भातली पोरं लेथवर उभी केली, त्यांना सोपं कशाला लागतं?

तरी मी प्रामाणिकपणे विचार केला. कॉम्प्युटरवर पात्याची सगळी वाट आधी स्क्रीनवर दिसते, चूक असेल तर लाकडाला हात लागायच्या आधी सापडते. डब्यात काय चाललंय ते डब्यालाच ठाऊक, आणि बिघडला की फेकायचा. हे माझ्या बाजूचं. आता विरुद्ध बाजू. माझा कॉम्प्युटर म्हातारा आहे, सुरू होईतो भात शिजतो. त्याच्या पाठीमागचं जे जाड कनेक्टर मी वापरते ते नव्या कॉम्प्युटरला येत नाही. हा मेला तर दुसरा कुठून आणू? ही शंका मी मधुकररावांना सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही.

फोन ठेवताना मिनलने विचारलं, "बाबा पेपर वाचतात का गं हल्ली? मी काही विचारलं की त्यांना ठाऊकच नसतं."

"नाही वाचत. म्हणतात, पेपरात आता काही राहिलं नाही."

यात तरी ते बरोबर आहेत.

बुधवार, २ एप्रिल

ऊन वाढलं, कूलर काढला, आणि मशीन मध्येच थांबायला लागली. जाळी अर्धी कापून होते आणि स्क्रीनवर लाल अक्षरं येतात की चौकटीच्या टोकाला धडकली. धडकलेली नसते.

"तुहा कॉम्प्युटर!" आतून आवाज आलाच.

दोन दिवस मी व्हरांड्यात येरझारा घातल्या. शेवटी लक्षात आलं की कूलरची मोटर सुरू झाली की हे होतं. टोकाला धडकल्याची खबर देणाऱ्या स्विचांच्या तारा कूलरच्या वायरीला खेटून गेल्या होत्या, त्यांत खोटा संदेश शिरत होता. मुद्दाम त्यांचा डबा जोडला आणि कूलर लावला. डबाही थांबला. मला इतका आनंद झाला की मी न मागता चहा केला.

जरीपटक्याच्या मार्केटमधून वरून तांब्याच्या जाळीचं आवरण असलेली तार आणली. जोडायला ते बसले. मी सहज पाहिलं तर तपकिरी तारेच्या जागी लाल! करंट सोडला असता तर सगळं जळलं असतं.

"कुठे लक्ष आहे तुमचं? पहिल्या वर्षाचं पोरगं अशी चूक करत नाही."

एरवी त्यांनी मला दोन शब्द परत दिले असते. आज पकड खाली ठेवली आणि म्हणाले, "तूच कर." आणि गप्प. हा गप्प बसण्याचा उद्धटपणा नवा आहे. त्यापेक्षा भांडण बरं.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी वस्तीत सगळे भेटले. रुपराव, आयटीआयमध्ये यांच्या शेजारच्या टेबलावर जन्म काढलेला माणूस, समोर उभा राहून "जयभीम, मधुकर" म्हणाला. यांनी हात जोडले आणि चेहरा कोरा. रुपराव पुढे बोलायला लागला तेव्हा कुठे, "अरे, तू होय का गा!"

घरी येताना मी ऐकवलं. म्हटलं, मशीनवाले झालात म्हणून माणसं ओळखायची नाहीत का?

ते माझ्यापुढे दोन पावलं चालायला लागले.

रविवार, २० एप्रिल

हे सगळं एकदाचं संपवायचं ठरवून मी परीक्षा घेतली. सागाची एकच फळी, मधून दोन तुकडे. एकावर कॉम्प्युटरने जाळी कापली, दुसऱ्यावर डब्याने. नकाशा तोच, पातं तेच. पाठीमागे खूण केली आणि परीक्षक म्हणून धम्मानंदांना बसवलं. वाकडी कुठली ते मधुकररावांनी सांगायचं. माझं भाषण तयार होतं. त्यात कालवे होते, सिस्टर होत्या, डबा होता.

त्यांनी पहिली उचलली. "हे वाकडी. हे तुही."

दुसरी उचलली. बराच वेळ पाहिलं. "हेही... मधात बसली."

धम्मानंदांनी पहिली पालथी केली आणि हसायलाच लागले. "मधुकरराव, हे तर तुमच्या डब्याची होय! डब्यानंच धोका देला गा तुमाले!"

मी तोंड उघडलं. पण मधुकररावांनी अंगठा जाळीवर ठेवला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. मग डोळे मिटून नेला. डोळे उघडून पाहिलं, पुन्हा मिटले, पुन्हा अंगठा फिरवला.

"सरळ हाय," म्हणाले. "दोनही."

मग शाळेत डोळे तपासताना पोरं धरतात तसा एका डोळ्यावर तळवा धरला. जाळीकडे पाहिलं. खिडकीच्या गजांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"प्रेमिला, तुह्या तोंडाच्या मधात काहीच नाही दिसून राहिलं वं."

धम्मानंद उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले. माझ्यासाठी का, कोण जाणे. भाषण राहून गेलं.

बुधवार, २३ एप्रिल

रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टर. तरुण बाई, बोलायला स्पष्ट. तिने त्यांच्यासमोर एक कागद धरला. त्यावर जाळी होती. चौकोनच चौकोन, आमचीच जाळी, कागदावर.

"सरळ दिसतात की वाकड्या?"

"मॅडम, हे आमच्याकडं सागवानात भेटते," ते म्हणाले, आणि तिथे बसलेल्या सगळ्यांत एकटेच हसले.

डोळ्याच्या पडद्याचा मध्य खराब झाला आहे. उजवा आधीच गेला होता, डाव्यावर भागत होतं म्हणून कळलं नाही. आता डावाही. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. गेलेलं बहुतेक परत येणार नाही, उरलेलं टिकवता येईल. कडेकडेचं दिसत राहील. चालता येईल, फिरता येईल. वाचन नाही. चेहरे नाहीत. बारीक काम नाही.

डॉक्टरांच्या प्रश्नांना त्यांनी भराभरा उत्तरं दिली. दिवाळीपासून पेपर वाचता येत नाही. टीव्ही कानांनी पाहतात. तारांचे रंग समजत नाहीत. तिला, अर्ध्या तासात, सगळं! मी त्याच घरात राहते.

ऑटोत मी विचारलं, "मला काहून नाही सांगितलं?" रागात माझ्या तोंडून त्यांची भाषा निघते.

"मले वाटलं नंबर वाढला. आन तू कटकट केली असती." मग शर्टाचा खिसा चाचपत, "तुह्या चिठ्ठ्या साऱ्या जपून हायेत. वाचताच नाही आल्या. तुह्या शिव्या तुलेच वाचून दे म्हणू का?"

मी बाहेर पाहत बसले. ऑटोवाला आरशातून बघत होता, त्याला बघू दिलं.

रविवार, २७ एप्रिल

पुन्हा तेच! पुन्हा मला न विचारता! सकाळी यांनी धम्मानंदांना फोन केला आणि सांगितलं, बाकीच्या जाळ्या सुताराकडून करून घ्या, आणि मशीनला गिऱ्हाईक पाहा.

मी फोन हिसकावून घेतला आणि धम्मानंदांना म्हटलं, जाळ्या ठरल्या दिवशी मिळतील. त्यांनी "हो ताई" म्हटलं. मग यांच्याकडे वळले.

"विकून टाक," भिंतीकडे पाहत म्हणाले. "ज्याले दिसत नाही त्यानं मशीनले हात लावू नाही. मीच शिकवलं पोट्ट्याईले."

"आणि माझं काय? मी काय करायचं?"

"तू मिनलकडं जाय."

याला उत्तर द्यायच्या लायकीचंही मी समजले नाही. व्हरांड्यात जाऊन जाळी लावली. ते आत रेडिओ लावून बसले. मोठ्याने, मशीनचा आवाज येऊ नये म्हणून. दुसरी जाळी अर्ध्यावर आली तेव्हा रेडिओ बंद झाला.

"पातं बोथट झालं! लाकूड रडून राहिलं, ऐकू नाही येत का तुले?"

मला काही ऐकू येत नव्हतं. मशीन थांबवली, पातं काढून नखावर घासून पाहिलं. बोथट होतं.

मी तसं त्यांना सांगितलं नाही. रेडिओ पुन्हा लागला. सबंध दुपार मी या खोलीतून त्या खोलीत. कुठेच बसवेना.

शनिवार, ३ मे

निर्णय झाला. डबा नको, आणि नुसता कॉम्प्युटरही नको. मी डबा उघडला, त्याची चक्री आणि लाल बटण काढलं आणि माझ्या कॉम्प्युटरला जोडलं. विचार कॉम्प्युटरने करायचा, सरकवायचं हाताने. पहिल्यांदा चक्री उजवीकडे फिरवली की मशीन डावीकडे पळे. दोन तारांची अदलाबदल केली, सुधारलं. मग वेग. एका टक्‌ला ती एकदम बोटभर उडी मारायची, तो आकडा कमी करण्यात एक दिवस गेला. लाल बटण डाव्या हाताच्या तळव्याखाली येईल असं बसवलं आणि आधी दहा वेळा थांबवून पाहिलं, दर वेळी थांबली.

डब्यातली दिशा निवडायची तीन बटणं चक्रीशेजारी लाकडी पट्टीवर बसवली. प्रत्येकाशेजारी पट्टीत खड्डे पाडले. डाव्या-उजव्याला एक, पुढच्या-मागच्याला दोन, वर-खालीला तीन. बोट ठेवलं की समजतं.

तांत्रिकदृष्ट्या हीच रचना योग्य आहे. मला ती आधीच सुचायला हवी होती. दुसरं काही कारण नाही.

"कायचा आवाज होय तो?" आतून.

"तुमचा काही संबंध नाही. तुम्ही मशीन विकलीत."

आत खाट करकरली. मग, "चक्री होय न ते?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनाही कळू दे, उत्तर न मिळणं कसं असतं.

गुरुवार, ८ मे

पहिलं इंजेक्शन झालं. ते डॉक्टरांच्या खोलीत जाताना मला "तू बाहेर बस" म्हणाले. मी बसले. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा हात थंड होता. ऑटोत तो त्यांनी माझ्या हातातच राहू दिला. घरी आल्यावर पुन्हा भिंत.

आज धम्मानंद शेवटची जाळी घेऊन गेले. पहिली बसवली तेव्हा अभ्यासिकेत वाचत बसलेल्या मुलींनी विचारलं म्हणे, एवढी सरळ कुणी कापली. धम्मानंद व्हरांड्यात उभे राहून आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "मी दोघाईचं नाव सांगितलं!" आत रेडिओ मोठा झाला.

सागाची एक फळी उरली आहे. जेवणं झाल्यापासून मी तिच्यावर आहे. खात्यात नकाशांवर शीर्षकं ज्या वळणाने लिहायचे ती अक्षरं काढली, साधी, एकेरी, फाटे नसलेली. नखाएवढ्या रुंदीचं गोल पातं लावलं. एवढं खोल कापलं की बोटाचं पेर आत बसतं. डोळे मिटून मी स्वतः वाचून पाहिलं. सावकाश, पण वाचता येतं. जो माणूस अंगठ्याने जाळी वाचतो त्याला हे वाचायला काय झालं?

फळी बशीखाली मावत नाही. ते उठले की चहाच्या आधी सरळ मांडीवर ठेवणार आहे. मजकुराची नक्कल इथे ठेवते, म्हणजे नंतर मिळालंच नाही असं म्हणायला नको.

प्रति,
श्री. मधुकरराव, आतली खोली

रेघ सरळच होती.
मशीन दोघांची आहे. ती विकली जाणार नाही.
चक्री बसवली आहे. एक खड्डा डावी-उजवी, दोन पुढे-मागे, तीन वर-खाली. लाल बटण डाव्या हाताखाली.
पातं बोथट होतं.
लेखी उत्तर रविवार, ११ मे, संध्याकाळी सहाच्या आत पाहिजे. याच फळीच्या पाठीवर, चक्री स्वतः फिरवून.
तोंडी चालणार नाही. वाकडं चालेल.

प्रेमिला